पल्याडच्या गावातली बाई

तुमच्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं सत्काराच्या कार्यक्रमात कधीमधी विचारतात. मी आईवडिलांचं नाव घेतो, कॉलेजातल्या सरांचं घेतो आणि खाली बसतो. खरं नाव निलव्वाचं आहे. हुपरीत आमच्या समोरच्या घराच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून चांदीच्या पैंजणांच्या कड्या जोडणारी निलव्वा. आम्ही तिला निलाक्का म्हणायचो. तिला अक्षरओळख नव्हती. मी आजवर भुताखेतांच्या गोष्टींची सहा पुस्तकं लिहिली. त्यांतलं जे चांगलं आहे ते तिच्या तोंडचं आहे. हे मी कुठल्याही व्यासपीठावर बोललेलो नाही.

यंदा मे महिन्यात आम्ही कोल्हापुरातच एक घर सोडून दुसऱ्या घरात राहायला गेलो. सामान बांधताना माळ्यावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडला. आत अकरा कॅसेट होत्या. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीच्या माझ्या अक्षरात त्यांवर लिहिलेलं होतं : ‘निलाक्का १’, ‘निलाक्का २’, असं दहापर्यंत. टेपरेकॉर्डर आता कुणाकडे असतो? मी शिकवतो त्या शाळेतल्या शिपायानं आपल्या मेहुण्याकडचा एक आणून दिला. पहिली कॅसेट लावली. बराच वेळ नुसती खरखर. मग आवाज आला तो बोलण्याचा नव्हता. टिक्, टिक्, टिक्. चिमट्यानं कडीचं तोंड दाबल्याचा आवाज. सात बायका, सात चिमटे, प्रत्येकीची गती वेगळी.

कॅसेटला वास नसतो हे मला कळतं. पण त्या टिकटिकीबरोबर रिठ्याच्या पाण्याचा वास आला. चांदी वितळवायच्या आटणीच्या भट्टीकडून येणारा, घशात बसणारा धूर आला. आणि गळिताच्या हंगामात वारा फिरला की सगळ्या गावावर पसरायचा तो मळीचा आंबूस, गोड वास. मी बांधलेल्या गाठोड्यांच्या मधे फरशीवर तसाच बसून राहिलो.

त्या सोप्यातला केर कधी बाहेर टाकत नसत. झाडून झालं की तो डालड्याच्या डब्यात भरून ठेवायचा, कारण त्यात चांदीचा कीस असायचा. वर्षातून एकदा तो सगळा केर आटणीला जायचा. लोकांकडे बाहेरून आलं की पाय झटकतात; निलाक्काच्या सोप्यातून बाहेर जाताना पाय झटकावे लागत. माझी आईही तिथं कड्या जोडायला बसायची. संध्याकाळी घरी आली की पदर आधी एका परातीत झाडायची आणि मग चुलीकडे वळायची. तिच्या बोटांची टोकं काळी झालेली असत. माझ्या पदवीच्या फोटोत आईनं हात पदराखाली घेतले आहेत.

मी कोल्हापूरला कॉलेजात जायला लागलो ते ब्याण्णव साल असेल. आमच्या घराण्यातला मी पहिलाच. शनिवारी दुपारच्या एस.टी.नं गावी यायचो आणि पिशवी घरात टाकून समोर जाऊन बसायचो, कारण आई तिथंच असायची आणि गोष्टीही तिथंच असायच्या.

भुतांच्या गोष्टी रात्री कंदिलाच्या उजेडात सांगायच्या असतात असं माझ्या वाचकांना वाटतं. मीही पुढं तसंच लिहीत गेलो. पण मी ऐकलेली सगळी भुतं दुपारची. जेवणं झाली की डोळ्यांवर झापड येते आणि झापड आली की कडी वाकडी बसते. म्हणून दीड-दोनच्या सुमाराला निलाक्का घसा खाकरायची. “भ्यालेल्या बाईचा हात थांबत न्हाय,” म्हणायची, आणि सुरू करायची. बाहेर उन्हात गल्ली पांढरी झालेली. पत्र्यावर मिरच्या वाळत घातलेल्या. आत एकीचंही डोकं वर नाही आणि सगळ्यांचे कान निलाक्काकडे.

बांधावर तंबाखू मागणारा उंच माणूस असायचा, पिंपळावरचा मुंजा असायचा. शेजारच्या घरातली जैतूनबी घुंगरं लावण्यात पटाईत होती, आणि तोंडानंही. ती म्हणायची, “आमच्यात असलं कायबी नसतंय बाई. आमच्यात जिन असतंय. त्ये तंबाखू मागत न्हाय, अत्तर लावून येतंय.”

“मग त्येची येकादी भन असली तर आमच्या मुंज्याला बघ की,” निलाक्का म्हणायची. “किती दीस पिंपळावर येकटं बसायचं त्येनं?”

“हुंडा किती देशील?”

“पिंपळ हाय की त्येच्या नावावर!”

आणि सात बायका हसायच्या, चिमटे न थांबवता. हे हसणं पाचव्या कॅसेटवर आहे. त्यात माझ्या आईचंही हसणं आहे. आई इतकी मोठ्यानं हसायची हे मी विसरून गेलो होतो.

निलाक्काच्या गोष्टीला एक रीत होती. प्रत्येक गोष्ट एकाच वाक्यानं सुरू व्हायची : “पल्याडच्या गावात एक बाई हुती.” किंवा बाप्या, किंवा मुंजा. कोणतं गाव, असं विचारलं की, “पल्याडचं.” तेवढंच. शिवेच्या अलीकडं भूत म्हणून नाहीच. मला आधी याची गंमत वाटली. मी एकदा हिशेब मांडला होता की पल्याडच्या गावच्या बायका हीच गोष्ट आमच्या गावची म्हणून सांगत असतील, आणि अशा रीतीनं मुलखातली सगळी भुतं शिवेवरून इकडून तिकडं ढकलली जात असतील. चार पुस्तकं वाचल्यावर गंमत गेली आणि मला तो अडाणीपणा वाटायला लागला.

ज्या गोष्टीसाठी हे लिहितो आहे ती तिसऱ्या कॅसेटवर आहे.

पल्याडच्या गावात दोन जावा होत्या. त्यांच्यात काही बोलाचाली झाली आणि दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी धाकटी विहिरीत गेली. तिच्या पाठीमागं तीन वर्षांची पोर राहिली. पंधरा दिवसांनी थोरली दुपारी शेतातून घरी आली, तर पोर उंबऱ्यावर बसलेली, केसाला तेल लावलेलं, वेणी घातलेली. पाचपेडी वेणी. त्या घरात पाचपेडी वेणी एकट्या धाकटीलाच यायची. दुसऱ्या दिवशीही तसंच. घरातली माणसं म्हणाली, उतारा टाकू, देवर्षी बोलावू. थोरली म्हणाली, कुणाला बोलवायचं नाही. ती रोज दुपारी उंबऱ्यावर तेलाची वाटी आणि फणी ठेवून शेताला जायची. असं वर्षभर चाललं.

इथं कॅसेटवर निलाक्काचा आवाज खाली येतो. “मग एक दीस थोरलीनं उंबऱ्यात उभा ऱ्हाऊन सांगितलं. बाई, तू आता जा. तुला लई लांबनं यावं लागतंय. हिची वेणी हितनं पुढं मी घालीन. मला पाचपेडी येत न्हाय, तीन पेडांची घालीन, पर चुकवणार न्हाय. त्या दिवसापासनं यायची थांबली.”

टिक्, टिक्. मग एका मुलीचा आवाज : “आणि त्या पोरीचं काय झालं, आक्का?”

“झाली मोठी. चांगली झाली.”

ती विचारणारी मंगल. निलाक्काच्या घरातली मुलगी. तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, दहावी झालेली, सोप्यात सगळ्यांत वेगानं कड्या जोडणारी. आई लहानपणी तापानं गेली, असं ती सांगायची आणि आम्ही ऐकायचो. निलाक्काच्या धाकट्या दिराची ती मुलगी होती. दीर बायको गेल्यावर कर्नाटकात कुठंसा कामाला गेला, तो तिकडचाच झाला. मंगलची वेणी निलाक्का रोज घालायची, मंगल एवढी मोठी झाली तरी. तीन पेडांची.

हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. मी मात्र टेपरेकॉर्डरचा लाल दिवा लागला आहे का ते बघत होतो.

टेपरेकॉर्डर आमच्या सरांचा. सरांनी मला हाताला धरून वर आणलं, हे मी विसरणार नाही. माझ्या पहिल्या गोष्टी वाचून ते म्हणाले होते, “छान आहेत हो. पण पत्ता नाही यांना. पत्ता नसलेली गोष्ट वाऱ्यावर जाते. गाव सांगा, विहीर सांगा, घर दाखवा. वाचकाला वाटलं पाहिजे, उद्या एस.टी.त बसून जाऊन बघून येईन.” सरांचं चुकलं नव्हतं. ते शहरातल्या वाचकाविषयी बोलत होते. मी ते घेऊन आमच्या गल्लीत गेलो.

तिसऱ्या कॅसेटवर गोष्ट संपल्यावर माझा आवाज आहे. पातळ, उत्साही आवाज. “आक्का, विहीर कुठली ही?”

सातही चिमटे थांबतात. मी आता ते मोजून ऐकलं आहे. तेव्हा मला वाटलं होतं, गोष्टीचा परिणाम म्हणून बायका स्तब्ध झाल्या. मग जैतूनबीचा मोठा आवाज येतो : “आरं, विहीर कसली विचारतोस? पावणं आल्यागत काय बसलाईस? जा की, पलीकडनं चा घिऊन ये सगळ्यास्नी!” मग सगळ्या हसतात, जरा जास्तच, आणि चिमटे पुन्हा सुरू होतात. हसण्यात मंगलही आहे. तिला वगळून बाकी सगळ्यांना माहीत होतं. माझ्या आईलाही. पंधरा वर्षं एका गल्लीनं, एका सोप्यानं, चांदीच्या किसासारखी ती गोष्ट बाहेर जाऊ दिली नव्हती. आणि तरीही त्या पोरीला तिची आई कुणीतरी रोज दुपारी थोडीथोडी देत होतं, शिवेपलीकडून.

मला विहीर सांगितली ती अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी. ते आटणीत कामाला होते, आणि गावात चांगले पोहणारे म्हणून त्यांचं नाव होतं. एका रविवारी जेवण झाल्यावर ते घरामागच्या परड्यात बाजेवर पडले होते. मी सहज म्हणून निलाक्काची गोष्ट त्यांना सांगितली.

“पल्याडची कुठली?” अण्णा म्हणाले. “हितलीच की. निलव्वाच्या मागल्या परड्यातली विहीर. म्याच काढली तिला भायेर.”

मी उठलो, घरात गेलो, टेपरेकॉर्डर आणला आणि बाजेखाली ठेवला. “काय करालैस?” अण्णांनी विचारलं. “काही नाही, तुमचा आवाज घेतोय,” मी म्हणालो. ते लाजल्यासारखे हसले. आपला आवाज कुणी घेईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. मग डोळे मिटून ते बोलत राहिले. त्या वेळी मला काय वाटलं, हे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला आनंद झाला. पत्ता सापडल्याचा आनंद.

माझं पहिलं पुस्तक अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत आलं. तोवर मी गारगोटीला शाळेत नोकरीला लागलो होतो. छापखान्याच्या वरच्या खोलीत प्रकाशकांनी माझ्या हातात पहिल्या प्रती ठेवल्या. शाई अजून ओली असल्यासारखा वास. मी ते पुस्तक नाकाशी धरून रंकाळ्यापर्यंत चालत गेलो. त्यात पहिलीच गोष्ट पाचपेडी वेणीची होती. सरांनी जिच्याखाली पेन्सिलनं रेघ मारून ‘वा!’ लिहिलं होतं, ती तिची शेवटची ओळ मला फार आवडायची.

पहिली प्रत निलाक्काला द्यायची असं मी ठरवलं होतं. पेढे घेऊन गेलो. दिवाळी होऊन गेली होती, कामाची घाई ओसरली होती. निलाक्कानं हात पदराला पुसले, पुस्तक घेतलं, उलटंसुलटं बघितलं, कपाळाला लावलं.

“माझं नाव हाय व्हय रं ह्यात?”

“आहे की. सुरुवातीलाच आहे. निलाक्कास, असं छापलंय.”

“यव्वा!” तिनं पुस्तक सगळ्यांना दाखवलं. “बगा गं. जलमात अंगठा उठवत आल्ये, आन् माझं नाव छापून आलं. मंगे, वाच. मोठ्यानं वाच. आमच्या लेकरानं काय लिवलंय ते ऐकू दे ह्या समद्यास्नी.”

मंगलनं चिमटा खाली ठेवला. ती छान वाचायची, शाळेत प्रार्थना सांगणाऱ्या मुली वाचतात तशी, एकेक शब्द सुटा करत. मी भिंतीला टेकून पेढ्यांच्या पुड्याची दोरी सोडत होतो.

पहिल्याच ओळीत गावाचं नाव होतं. दुसऱ्या ओळीत गल्ली. आईनं माझ्याकडं बघितलं. तेव्हाही मी हसलोच. मंगल वाचत होती. मागच्या परड्यातली विहीर, विहिरीवरचं उंबराचं झाड, दोन जावा, अबोला. तिसऱ्या दिवशी धाकटीनं विहिरीत उडी घेतली. एक चिमटा थांबला, मग दुसरा.

“बास की गं आता,” जैतूनबी म्हणाली. “चा टाक. वाचून वाचून घसा वाळंल.”

“थांबा की भाभी,” मंगल म्हणाली, आणि वाचत राहिली. तिचा आवाज बदलला नाही. फक्त ती हळू वाचायला लागली, पाण्यात पाय टाकून तळ चाचपावा तशी. तेलाची वाटी आली, फणी आली. उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या थोरलीचं बोलणं आलं. आणि मग मला आवडणारी ती शेवटची ओळ : ‘ती मुलगी आजही त्याच सोप्यात बसून कड्या जोडते, तिच्या वेणीला तीन पेड असतात.’

मंगलनं पुस्तक मिटलं, मांडीवर ठेवलं. हात आपोआप मागं गेला आणि वेणीवर थांबला.

“आक्का,” ती म्हणाली, “तू तर ताप आलता म्हणालतीस की.”

बाहेर कुणाच्या तरी परड्यात कोंबडी ओरडत होती. निलाक्का माझ्याकडं न बघता म्हणाली, “तू घरी जा आता, बाळा.” ‘बाळा’ म्हणाली. तिनं शिवी दिली असती तर मी आयुष्यभर तिचा ऋणी राहिलो असतो. मी उठलो. उंबऱ्यात सवयीनं पाय झटकले.

त्यानंतर माझं बरं चाललं. गारगोटीहून कोल्हापूरला बदली झाली. दिवाळी अंकांची पत्रं उन्हाळ्यातच यायला लागली. रेडिओवर माझ्या गोष्टींचं वाचन झालं. शाळांतून बोलावणी यायची आणि मुलं विचारायची, “सर, तुम्ही खरंच भूत बघितलंय?” माझी भुतं लोकांना आवडायची, कारण त्यांना पत्ते होते. गल्ली, वळण, घराचा रंग, जिन्याच्या पायऱ्या. ते सगळे पत्ते मी टेबलाशी बसून तयार करत होतो. हुपरीत मला पुन्हा कुणी गोष्ट सांगितली नाही. मी आलो की सोप्यातलं बोलणं मेथीच्या पेंढीवर आणि एस.टी.च्या वेळेवर यायचं. कुणी रागावून बोललं नाही, चहा नेहमी दिला. जैतूनबी एकदा म्हणाली, “हाय की रं, लई गोष्टी हाईत. पर तुझ्याम्होरं दात दुखत्यात माझं.” पुढं पुढं मीच जाईनासा झालो. गावाकडं गेलो तरी मागच्या वाटेनं घरात शिरायचो.

मंगलनं लग्न केलं नाही. ठरत होतं, तिनंच नको म्हटलं, असं आईकडून कळलं. ती अंगणवाडीत काम करते आणि निलाक्काजवळ राहते. पुस्तक आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून ती वेणी स्वतःच घालते, हेही आईनंच सांगितलं होतं.

मधल्या वर्षांत अण्णा गेले. त्यांच्या बाराव्याच्या गर्दीत निलाक्का येऊन गेली, असं कुणीतरी सांगितलं. मी तिला बघितलं नाही. विहीरही बुजवली म्हणतात. तिच्यावर आता कुणाचं तरी पॉलिशचं यंत्र बसलं आहे.

डब्यातल्या अकराव्या कॅसेटवर ‘अण्णा’ असं लिहिलेलं आहे. ती मी सगळ्यांत शेवटी लावली. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकायचं धाडस होत नव्हतं. बाज करकरते, अण्णा खोकतात, मग बोलतात. तीन-चार मिनिटांचंच आहे ते. मी पहिल्यांदा ऐकताना आवाजच ऐकला. दुसऱ्यांदा ऐकताना शब्द ऐकले. आणि मग मला आठवलं की हे शब्द मी तेव्हाही ऐकले होते, वहीत उतरवून घेतले होते, आणि गोष्ट लिहायला बसल्यावर त्यांवर काट मारली होती. विसरलो होतो असं म्हणणं सोपं आहे. काट मारल्याचा तो हात मला अजून ओळखीचा वाटतो.

त्याच आठवड्यात मी निलाक्काला पत्र लिहिलं. ते तिच्यापर्यंत पोचलं आहे. पोस्टमन आमच्या चुलत्यांच्या ओळखीचा, त्यानं हातात दिल्याचं सांगितलं. तेच पत्र खाली देतो.

ती. निलाक्कास,

मी समोरच्या घरातला. नमस्कार सांगायचा हक्क राहिला आहे का माहीत नाही, तरी तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

हे पत्र तुला मंगलच वाचून दाखवत असणार. म्हणून हे तुम्हा दोघींना आहे. मंगल, पुढचं आधी तू एकटीनं वाच. मग आक्काला वाचून दाखवायचं का, कसं आणि कधी, ते तू ठरव. मागच्या वेळी ते मी ठरवलं होतं.

त्या पुस्तकाची आवृत्ती पुन्हा काढायची नाही, असं मी प्रकाशकांना कळवलं आहे. त्यानं काही भरून येत नाही हे मला कळतं. छापलेलं पुसता येत नाही. तू सगळं शिवेच्या पलीकडं ठेवलं होतंस, ते कशासाठी ठेवलंस हे समजण्याएवढा मी शिकलो नव्हतो. माफी मागण्यासाठी हे पत्र नाही. माफ कर असं म्हणालो तर तुला काहीतरी म्हणावं लागेल, आणि ते ओझं मला तुझ्यावर टाकायचं नाही.

पत्र दुसऱ्या कारणासाठी आहे. अण्णांचा आवाज मी तेव्हा टेपवर घेतला होता. तो आता पुन्हा ऐकला. विहिरीतून तिला वर काढलं तेव्हाचं ते सांगतात. त्यांचेच शब्द लिहितो, माझा एकही घालत नाही :

“दोराचा तुकडा हुता तिच्या मनगटाला. दोन येढं दिल्यालं. तुटल्याला दोर, पार झिजल्याला. म्या पुन्यांदा बुडी मारली तर खाली घागर घावली. घागरीच्या गळ्याला दोराचा दुसरा तुकडा. उडी टाकणारी बाई घागर घिऊन जातीया व्हय? पर वर आलो तवर समदी उडी, उडी म्हणून बोलालती. निलव्वा तितं पडून हुती, शुद्धीत नव्हती. मला कुनी इचारलं न्हाय, म्या सांगितलं न्हाय. समद्यास्नी ठावं आसंल आसं वाटलं.”

एवढंच आहे. हे मी तेव्हा ऐकलं होतं आणि पुस्तकातून गाळलं. दोर तुटला असं लिहिलं असतं तर भुताची गोष्ट उरली नसती, एका बाईचा विहिरीवर झालेला अपघात उरला असता. मला भूत पाहिजे होतं. म्हणून मी ‘उडी घेतली’ असं लिहिलं, आणि मंगल, तू ते मोठ्यानं वाचलंस. अकरा वर्षं तू ते धरून बसली असशील की आई तुला टाकून गेली. आणि आक्का, तू तर तीसएक वर्षं धरून बसली असशील की तुमच्यात अबोला होता म्हणून ती गेली.

कॅसेट या पाकिटात घातली आहे. ती तुमची आहे. अंगणवाडीत टेप असेल तर त्यावर लावा, नाहीतर मी मशीन पाठवतो. माझ्यावर विश्वास ठेवू नका, अण्णांच्या आवाजावर ठेवा.

ती दुपारचं पाणी काढत होती, आक्का. तुमच्या दोघींच्या घरचंच पाणी. अबोला होता तरी काढत होती. घागर वर आली असती, तर ती कमरेवर घेऊन ती घरीच आली असती.